सभागृहात काय शोभेल, समुद्राकाठी काय टिकेल: लग्नाचा बॅकड्रॉप ठरवताना

डिचोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे: मुलीचं लग्न मार्गशीर्षात ठरलंय. मुहूर्त सकाळी साडेदहाचा, फोंड्याजवळच्या एका देवस्थानच्या सभागृहात. त्याच दिवशी संध्याकाळी साडेसातला मोरजीला समुद्राजवळच्या लॉनवर रिसेप्शन. मुलीने मोबाइलवर पांढऱ्या आणि फिक्या गुलाबी फुलांच्या अख्ख्या भिंतीचे फोटो दाखवलेत. मुलाकडच्यांना मागे समुद्र दिसेल अशी गोल कमान हवी आहे. आजी म्हणते, केळीचे खुंट आणि आंब्याचे टाळे (पानांच्या डहाळ्या) लावले की झालं. सध्या नेमकं काय चालतं, खरी फुलं घ्यावीत की कापडी, आणि पैसे कशावर घालावेत?

ताई, तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, आणि आजीचं सगळ्यांत जास्त.

मी फोंड्यात २४ वर्षं सजावटीचं काम करतो. माझे बाबा माटव, म्हणजे लग्नाचा मांडव, घालायचे. पोफळीचे खांब, वर माडाच्या चुडतांची विणलेली झापं, खांबांना केळीचे खुंट, दाराला आंब्याचे टाळे. मी कापडाकडे आणि फुलांकडे वळलो, आणि आता गेली काही वर्षं गिऱ्हाइकंच मला बाबांच्या सामानाकडे परत नेतायत. म्हणून सरळ सांगतो: सकाळच्या मुहूर्ताला गोव्याच्या वळणाची, देवळाशी नातं सांगणारी सजावट करा. संध्याकाळी एकच कमान, एका बाजूला झुकलेली फुलं आणि चांगला उजेड. फुलांची अख्खी भिंत दोन्ही ठिकाणी टाळा. का ते पुढे लिहितो.

पाच-सात वर्षांपूर्वी सगळ्यांना सगळं फिकं हवं होतं. पांढरं, मलई, पिठूर गुलाबी, मध्ये पंपास गवताचे तुरे. ते अजून पूर्ण गेलेलं नाही, पण रंग परत आलाय. झेंडूचा पिवळा-केशरी, राणी गुलाबी, हळदीचा पिवळा, आबोलीचा तो न पिवळा न तांबडा असा रंग. दुसरा बदल रचनेतला. पूर्वी बॅकड्रॉप म्हणजे वीस फूट रुंद पडदा आणि त्यावर सारख्या अंतराने गुच्छ. आता फुलं एका ठिकाणी गोळा करतात. कमानीच्या एका पायापासून चढत जाऊन अर्ध्यावर थांबलेली, किंवा जमिनीतूनच उगवल्यासारखी, वेदीच्या चारी कोपऱ्यांना झुडपांसारखी. उरलेली जागा मोकळी सोडतात. एकात एक बसवलेल्या दोन-तीन कमानी, वरून सोडलेल्या माळा आणि वेली, नावांची लहान पाटी, हे सगळं जोरात आहे. नावं आता मुलं स्वतःहून मराठीत मागतात, सुलेखन करून. मला याचा फार आनंद होतो. आधी प्रत्येक स्टेजवर रोमन अक्षरं लावून कंटाळा आला होता.

आता फुलांच्या भिंतीचा हिशेब. नवरा-नवरीच्या मागे निदान ८ फूट रुंद आणि १० फूट उंच भिंत लागते, म्हणजे ८० चौरस फूट. जाळी दिसू नये इतके दाट गुलाब लावायचे तर एका चौरस फुटाला २५ गुलाब जातात. झाले २,००० गुलाब. डच गुलाबाचा बंच २० काड्यांचा, म्हणजे १०० बंच. तेही सगळे एकसारखे उमललेले हवेत, नाहीतर भिंत ठिगळं लावल्यासारखी दिसते. आणि फोटोत काय येतं? जोडप्याच्या डोक्याच्या वरचे दोन फूट आणि खांद्यांच्या बाजूचे दोन-दोन फूट. बाकीचे गुलाब आहेराला आलेल्या पाहुण्यांच्या पाठीमागे झाकलेले. त्यातले ४०० गुलाब घेऊन मी कमानीच्या एका बाजूला रचले, तर तीच फुलं तिप्पट वाटतात. भिंत सुंदर दिसते हे मान्य आहे, पण ती अशा फोटोंसाठी असते जिथे दोघंच उभी असतात. आपल्या लग्नात स्टेजवर एका वेळी बारा माणसं असतात.

आजीच्या मुद्द्याकडे येतो, कारण मला सगळ्यांत जास्त त्याबद्दलच बोलायचंय.

चवथीला आपण गणपतीच्या वर माटोळी बांधतो. लाकडी चौकट, त्याला नारळ, सुपारीची शिपटी (घोस), तोरंजन, रानातल्या घागऱ्यो, कांगलां, माट्टीची फळं, आंब्याचे टाळे. कुमयाच्या सालीच्या दोराने आवळलेलं सगळं. कला आणि संस्कृती खातं दरवर्षी माटोळीची स्पर्धा घेतं, त्यात लोकांनी शेकड्यांनी वस्तू बांधून काढलेल्या चित्राकृती बघितल्या की वाटतं, जगातल्या कुठल्याही फ्लोरिस्टला ही शाळा मिळाली नसेल. वरून लटकणारी सजावट म्हणून जी आज मागतात, ती आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या आहे. मी सत्तरी तालुक्यातल्या एका लग्नात पहिल्यांदा वेदीच्या वर तशी चौकट बांधली. नवरीचीच कल्पना. माटोळीतला रानमेवा मार्गशीर्षात मिळत नाही, तो भाद्रपदाचा. म्हणून नारळ, शिपटी, टाळे, हिरवी केळी, आणि मध्ये मध्ये झेंडूचे गेंद, एवढंच घेतलं. नवरीची आजी खालून वर बघत उभी राहिली आणि एका शिपट्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तें उजवेकडेन ओड, भार एकाच वाटेन पडटा." तिने सांगितलेलं बरोबर होतं. दोर सोडून पुन्हा बांधला. एक सांभाळा: त्याला माटोळी म्हणू नका. माटोळी गणपतीची. काही घरांत ज्येष्ठांना हे खटकतं, तेव्हा आधी विचारा. बांधणीची रीत घेतली की पुरे.

दुसरी गोष्ट कावी. गोव्यातल्या आणि कोकणातल्या जुन्या देवळांच्या, घरांच्या भिंतींवर तांबडी-पांढरी नक्षी बघितली असेल. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा, कावीचा थर द्यायचा, आणि तो ओला असताना टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. वेली, मोर, कमळं, सूर्य. ही नक्षी प्लायवर रंगवून घेतलेले सहा-सहा फुटांचे तीन फलक मी सभागृहात उभे करतो. मागे कावीचा तांबडा, त्याच्या कडेला फक्त हिरवी पानं आणि पांढरी शेवंती. बघणाऱ्याला वाटतं सभागृह देवळाचाच भाग आहे. फलक दहा लग्नांत वापरता येतात, त्यामुळे भाडं फुलांच्या मानाने कमी पडतं. ख्रिस्ती लग्नांत हेच काम निळ्या चित्रांच्या पोर्तुगीज फरशा करतात, आझुलेजु. पणजीच्या फोंताइन्हासमध्ये घरांच्या दारांवर दिसतात त्या. पण त्यांची नक्कल फ्लेक्सवर छापून लावू नका. फ्लेक्स चकाकतो, फ्लॅश पडला की मध्येच पांढरा डाग येतो. हाताने रंगवलेलं किंवा मॅट कापडावर छापलेलं घ्या.

मात्र तुमच्या मुलीचं लग्नाचं वस्त्र तांबडं असेल तर कावीच्या मागे उभी करू नका. तांबड्यात तांबडं मिसळतं, फोटोत फक्त चेहरा आणि हात उरतात. त्यासाठी मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, साडीचा ब्लाऊजपीस घेऊन या. हिरव्या प्लास्टिक गवताच्या चटया मागे लावतात त्याचाही असाच त्रास. झगझगीत दिव्यांत तो हिरवा गालावर उतरतो आणि नवरी आजारी दिसते. खरी पानं गडद आणि कमी चकाकणारी असतात, त्यांचा इतका परिणाम होत नाही.

फुलांचं म्हणाल तर आपल्याकडे आबोली आहे. तिला वास नाही, पण ती टिकते. तिची फाती, म्हणजे धाग्याने बांधलेली माळ, सकाळी माळली की रात्रीपर्यंत तशीच असते. म्हार्दोळच्या म्हाळसेच्या देवळाकडे फुलं विकायला बसणाऱ्या बायका बघितल्या असतील. मी त्यांच्याकडून फाती घेतो. केळीच्या सोपटाचा ओला धागा डाव्या पायाच्या आंगठ्याला अडकवून त्या दोन-दोन फुलं समोरासमोर ठेवतात, एक पीळ, एक गाठ, आणि बोटं न बघता पुढच्या दोन फुलांकडे गेलेली असतात. सुईने ओवलेल्या माळेत देठाला भोक पडतं, फूल तिथून काळं होतं. बांधलेल्या फातीत तसं होत नाही. अशा ६० फाती मी एका वेदीच्या मागे सरळ उभ्या सोडल्या होत्या, अर्ध्या विताच्या अंतराने, मागे साधा कोरा सुती पडदा. दुसरं एकही फूल नव्हतं. माझ्या हातून झालेल्या कामांत मला ते सगळ्यांत जास्त आवडतं.

जाईचं मात्र तसं नाही. म्हार्दोळच्या जायांची पूजा पावसाळ्यात होते, कारण जाई तेव्हा भरभरून येते. मार्गशीर्षात कमी मिळते, आणि कळी संध्याकाळी उमलून सकाळी गळायला लागते, तेव्हा साडेदहाच्या मुहूर्ताला तिची माळ काही कामाची नाही. सुरंगीचा वळेसर (गजरा) हवा असेल तर तो फाल्गुन-चैत्रातला. मार्गशीर्षात आबोली, शेवंती, झेंडू, निशिगंध ही भरवशाची फुलं. झेंडूचा अंदाज हवा तर १ किलो मोठ्या झेंडूत ३ ते ४ मीटर दाट माळ होते. सहा फुटांच्या २० माळा सोडायच्या तर १० ते १२ किलो धरा, थोडा माल वाया जातोच. निशिगंध हात लागेल तिथे तपकिरी पडतो, म्हणून तो उंच लावा.

सभागृहाच्या बाबतीत एक-दोन गोष्टी आत्ताच विचारून घ्या. भिंतीला खिळा, खांबाला चिकटपट्टी बहुतेक देवस्थानांत चालत नाही, म्हणजे सगळा सांगाडा स्वतःच्या पायावर उभा राहणारा लागतो. आदल्या संध्याकाळी ताबा मिळतो की पहाटे, हे सगळ्यांत महत्त्वाचं. पहाटे चारला दार उघडलं तर साडेदहापर्यंत माझ्या हातात साडेसहा तास आहेत, त्यात घडी घातलेली फुलांची भिंत उभी राहते पण चौकट बांधून होत नाही. भटजींनाही विचारा होमकुंड कुठे येणार. पंपासचे तुरे आणि सुकवलेली ताडाची पानं होमाच्या जवळ कधीही लावू देऊ नका, सुकं गवत आहे ते, एका ठिणगीचं काम. शिवाय पंपासचा कापूस उडून पैठणीवर बसला की तो काढता काढता नवरीच्या मावश्यांची दुपार जाते. मी दोन वर्षांपूर्वी पंपास पूर्ण बंद केलं.

संध्याकाळचं मोरजी. मुलाकडच्यांना गोल कमानीतून समुद्र दिसायला हवा आहे, आणि हे त्यांना प्रेमाने समजवावं लागेल. डिसेंबरच्या मध्यावर गोव्यात सूर्य सहा वाजून पाच मिनिटांच्या आसपास मावळतो. साडेसातला कमानीच्या पलीकडे समुद्र नसतो, काळोख असतो. फोटोत मागे काळं भोक आणि पुढे उजळलेली दोन माणसं. ज्यांचे फोटो तुम्हाला दाखवलेत त्यांचं लग्न साडेपाचला लागलेलं होतं. समुद्र हवाच असेल तर जोडप्याला साडेपाचला तयार करून तिथे नेऊन अर्धा तास फोटो काढा, कमान रिकामी ठेवली तरी चालेल, आणि पाहुणे यायच्या आधी त्याच कमानीच्या मागे फिक्या रंगाचा जाळीचा पडदा सरकवा. मी असं दोनदा केलंय. रुळावरचा पडदा ओढायला दोन माणसं आणि पाच मिनिटं पुरतात.

वाऱ्याचं गणित घरातल्यांनी ऐकलेलं बरं, कारण मंडपवाला भाव कमी करताना पहिला हात इथे मारतो. दुपारी समुद्राकडून खारा वारा लागतो आणि सूर्यास्तानंतर पडतो, रात्री उलटा जमिनीकडून मतलई सुटतो. म्हणजे आम्ही काम करतो तेव्हाच वारा सर्वांत जास्त. २० फूट रुंद, १० फूट उंच बंद कापडाच्या बॅकड्रॉपवर ताशी ४० किलोमीटरचा वारा समोरून आदळला तर सुमारे १४० किलोचा रेटा येतो. वारा दुप्पट झाला की रेटा चौपट. शिडच आहे ते. मी हे पुस्तकात वाचून शिकलो नाही. एका फेब्रुवारीत दुपारी चार वाजता, मी उभा केलेला पांढरा बॅकड्रॉप माझ्या डोळ्यांसमोर आडवा झाला. खाली फुलवाली दोन मुलं बसली होती, ती आधीच्याच मिनिटाला चहाला उठली होती. तेव्हापासून समुद्राकाठी मी बंद कापड लावत नाही. जाळीचं कापड, पट्ट्या-पट्ट्यांचा पडदा, किंवा मोकळी कमान, आणि प्रत्येक पायावर वाळूची पोती. तुमच्या मंडपवाल्याला विचारा, पायाला वजन किती देणार. त्याला आकडा सांगता आला नाही तर दुसरा बघा.

मार्गशीर्षात उघड्यावर दव पडतं, हे शहरातून येणारे डेकोरेटर विसरतात. रात्री नऊनंतर कापड ओलसर होतं, कागदी फुलं माना टाकतात, आणि खाऱ्या हवेत गंजलेल्या पाइपचे तांबूस डाग पांढऱ्या पडद्यावर उतरतात. पाइपला रंग दिलेला आहे की नाही ते हात लावून बघा. क्रेप कागद किंवा स्वस्त रंगीत साटीन घेऊ नका, ओलं झालं की रंग सोडतं.

मोरजीबद्दल आणखी एक, आणि हे मी मनापासून सांगतोय. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि त्यांचा हंगाम नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो. झगझगीत उजेड दिसला की मादी पाण्यातूनच परत फिरते, आणि पिल्लं समुद्राऐवजी दिव्याकडे चालत जातात. म्हणून आकाशात फिरणारे बीम, समुद्राकडे तोंड केलेले फ्लडलाइट नको. दिवे जमिनीकडे वळवलेले, पिवळसर, कमी. सजावटीलाही तेच शोभतं. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा भाग किनारी नियमन क्षेत्रात येतो, वाळूवर तात्पुरतं काही उभारायचं तर परवानगी लागते, ती लॉनवाल्याकडे आहे का ते लेखी घ्या. आणि उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, त्यामुळे केक, नाच, आहेर हे सगळं अडीच तासांत बसवायचंय.

उजेडावर मी एवढा जोर का देतो ते सांगतो. वॉर्म व्हाइट दिवा सुमारे ३,००० केल्विनचा, त्यात सोनं आणि कातडी छान दिसते. ६,००० केल्विनचा थंड पांढरा ट्यूबलाइटसारखा. दोन्ही एकाच स्टेजवर मिसळले की छायाचित्रकार कितीही चांगला असो, एक गाल पिवळा आणि एक निळा येतो. सभागृहातले आधीपासूनचे ट्यूब स्टेजच्या वरचे तेवढे बंद करायला मिळतात का बघा. निऑन पाटी नवऱ्याच्या डोक्यामागे आली की चेहरा काळवंडतो, ती बाजूला, खांद्याच्या उंचीला लावा.

खरी की कापडी? माझा नियम साधा आहे: हात पोचेल तिथे खरी, त्याच्या वर कापडी चालतील. आठ फुटांच्या वर डोळ्याला फरक कळत नाही आणि वासाचाही प्रश्न नाही. चांगल्या कापडी फुलांची ओळख म्हणजे पाकळीच्या कडेला रंग फिका होत गेलेला असतो, आणि देठ नुसता प्लास्टिकचा हिरवा नसतो. पण वेदी, वरमाला, नवरीची फाती, देवक, जिथे विधी आहे तिथे खरंच फूल हवं. ते मी कधी सोडत नाही आणि गिऱ्हाइकालाही सोडू देत नाही. थर्मोकोलची नावं आणि कमळं आता विसरा. सजावटीच्या थर्मोकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, फुग्यांच्या प्लास्टिक काड्यांवरही. काही जण अजून गुपचूप लावतात. नावं प्लायमध्ये कापून घ्या, नाहीतर सुपलीवर रंगवून घ्या, ती नंतर घरात राहतात.

फुलं खोचायचा तो हिरवा स्पंज, फ्लोरल फोम, तोही मी जवळजवळ बंद केलाय. तो प्लास्टिकच आहे, चुरगळून मातीत, विहिरीत जातो आणि कुजत नाही. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने आपल्या प्रदर्शनांत तो २०२१ पासून बंद केला, तेव्हा मला धीर आला की हे जमतं. आपल्याकडे त्याला पर्याय बागेतच आहे. घड काढून घेतलेली केळ तोडायची, खांबाचे फूटभर लांबीचे तुकडे करायचे, आडवे ठेवायचे, आणि खिळ्याने भोकं पाडून देठ खोचायचे. केळीच्या गाभ्यात इतकं पाणी असतं की जरबेरा आणि शेवंती त्यात दिवसभर ताजी राहतात. गुलाबाला थोडं कमी पडतं, त्याला पाण्याच्या नळ्या लावतो. लग्न झालं की तुकडे माडाच्या मुळात.

फिक्या रंगाच्या हट्टाबद्दल मुलीला नाही म्हणू नका. संध्याकाळच्या कमानीला तिचे रंग द्या, पण हायड्रेंजिया सोडून. ते फूल पाण्याशिवाय दोन तासांत मान टाकतं, समुद्राच्या वाऱ्यात त्याहून लवकर. त्याजागी पांढरी-जांभळी डेंड्रोबियम ऑर्किड घ्या, ती पाण्याशिवायही सात-आठ तास तग धरतात आणि गोव्यात शेडनेटखाली पिकवणारे शेतकरीही आहेत. अँथुरियम त्याहून कणखर. त्यात कार्नेशन मिसळा, भरीव दिसतं. लिली घेतल्यात तर उमललेल्या प्रत्येक लिलीतले पुंकेसर चिमटीने काढायला लावा. त्यांचा तपकिरी पराग रेशमावर बसला की जात नाही. चुकून लागला तर पुसू नका, चिकटपट्टीने हलके उचला.

बाहेरची फुलं बेंगळुरूहून रात्रीच्या बसने, काही बेळगावहून चोर्ला घाटाने येतात, म्हणजे तुमच्या साखळी-डिचोलीवरूनच. पेटीत रात्र काढलेलं फूल तहानलेलं असतं. खालची पानं काढून, देठ तिरका कापून, सावलीत चार-पाच तास खोल पाण्यात उभं केलं तरच ते दिवसभर टिकतं. म्हणून माल लग्नाच्या पहाटे नव्हे, आदल्या सकाळी यायला हवा. एकदा मी बंद टेम्पोत कार्नेशनच्या पेट्या आणि पिकायला आलेले केळ्यांचे घड एकत्र रात्रभर ठेवले. सकाळी झाकण उघडलं तर सगळ्या कार्नेशननी पाकळ्या आत मिटून घेतलेल्या, जणू झोपल्यात. पिकत्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि कार्नेशन-ऑर्किडला तो मारतो, हे मला त्या दिवशी कळलं. ३०० फुलं फेकली आणि म्हार्दोळला पळालो. तेव्हा वेदीला केळ्यांचे घड बांधणार असाल तर हिरवे कच्चे घ्या आणि कार्नेशन संध्याकाळच्या कमानीतच ठेवा.

पैशांचं विचारलंत. एकूण सजावटीच्या शंभर रुपयांतले मी ३५ फुलांना, ३० उजेडाला, २५ सांगाडा-कापड-वजनाला आणि १० मजुरीला आणि आयत्या वेळच्या खर्चाला ठेवतो. बहुतेक ठिकाणी ६० फुलांना जातात आणि उजेड ट्यूबवर भागवतात, आणि मग फुलं महाग असून फोटोत दिसत नाहीत. सकाळी वापरलेल्या झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, पितळी समया संध्याकाळी मोरजीच्या प्रवेशद्वाराला नेता येतात. फोंड्याहून मोरजी गाडीने दीड तासाच्या आतबाहेर, रहदारी धरून. त्यासाठी मुहूर्त झाला की दोन वाजेपर्यंत सभागृह मोकळं करायला दोन माणसं वेगळी ठेवा, आणि निर्माल्य कोण नेणार हे कोटेशनमध्येच लिहून घ्या.

आता लगेच करायचं ते. येत्या रविवारी सकाळी साडेदहालाच सभागृहात जा, दुसऱ्या वेळी नको, आणि वेदी येणार तिथे मुलीला एका खुर्चीवर बसवून मोबाइलने फोटो काढा. खिडकीतून ऊन कुठे पडतं, मागचा खांब डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो का, सगळं त्यात कळेल. तो फोटो, स्टेजची लांबी-रुंदी-उंची आणि दोन्ही साड्यांचे ब्लाऊजपीस घेऊन डेकोरेटरकडे जा. आणि फातीचं काम निदान तीन आठवडे आधी सांगून ठेवा. मार्गशीर्षात एकाच दिवशी पाच-सहा लग्नं असतात, आणि फाती बांधणाऱ्या बायका रात्री अकरापर्यंत बसल्या तरी एका रात्रीत साठाच्या वर बांधत नाहीत.